‘एका मित्राला विचारायचं होतं’: मर्दानगीचं टेन्शन शरीरापर्यंत कसं पोचतं

मी आरोग्यावर थोडंफार लिहितो हे ओळखीतल्या लोकांना माहितीये, त्यामुळे रात्री अकरानंतर कधीतरी मेसेज येतो. कॉलेजातला कोणी, जुना रूममेट, ऑफिसमधला ज्याच्याशी एरवी क्रिकेटशिवाय काही बोलणं नसतं असा कोणी. सुरुवात ठरलेली, "अरे, एका मित्राला विचारायचं होतं." हा मित्र बिचारा फार त्रासात असतो. त्याला लघवीला जळजळ होते, त्याचं लवकर होतं, किंवा गेले चार महिने काही होतच नाहीये. डॉक्टरकडे जायला त्याला वेळ नाही, पण तीन ठिकाणहून मागवलेली पावडर मात्र तो नियमित घेतोय. मित्र कोण ते मी विचारत नाही. त्यालाही माहितीये मला माहितीये.

आणि सध्या फोन उघडला की टेस्टोस्टेरॉन कमी झाल्याची दहा लक्षणं सांगणारी रील्स, ‘अल्फा’ कसं व्हायचं शिकवणारे पॉडकास्ट आणि ताकदीच्या गोळ्यांच्या जाहिराती. त्या बघून मेसेज आणखी वाढलेत. म्हणून म्हटलं एकदाच नीट लिहून काढू, की पुरुषाने कसं असावं ही डोक्यातली कल्पना कमरेखालच्या तब्येतीपर्यंत पोचते कशी, मधला रस्ता काय आहे. मी डॉक्टर नाही, वाचतो आणि डॉक्टरांना विचारतो, एवढंच.

दरवर्षी रिन्यू करायचं लायसन्स

२००८ मध्ये अमेरिकेतल्या जोसेफ व्हॅन्डेलो, जेनिफर बॉसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक कल्पना मांडली, तिला आपण ‘डळमळती मर्दानगी’ म्हणू. म्हणणं असं की मुलगी वयात आली की तिला बाई म्हणायला लोक तयार असतात, तिला ते सिद्ध करावं लागत नाही (तिला बाकी शंभर गोष्टी सिद्ध कराव्या लागतात, तो वेगळा लेख आहे). पण ‘मर्द’ हे पद मिळवावं लागतं, चारचौघांत दाखवावं लागतं, आणि मुख्य म्हणजे ते कधीही काढून घेतलं जाऊ शकतं. भाषेतच बघा ना, ‘नामर्द’ हा शब्द आहे, ‘बांगड्या भर’ हा टोमणा आहे. उलट बाजूला, एखादीचं बाईपणच गेलं असं एका चुकीवर म्हणत नाहीत.

म्हणजे हे दरवर्षी रिन्यू करायचं लायसन्स झालं. आणि याच्या परीक्षेत सर्वात जास्त मार्कांचा पेपर बेडरूममध्ये असतो, जिथे दुसऱ्याने काय लिहिलं ते बघायची सोय नाही. मित्रांच्या गप्पांवर जावं तर सगळेच पहिल्या नंबरात पास. मग ज्याच्या त्याच्या मनात एकच शंका, मीच एकटा नापास आहे का?

पेपरातले प्रश्न साधारण कुठेही सारखेच असतात. पुरुष कायम तयार असला पाहिजे. त्याला सगळं आधीच माहिती असलं पाहिजे, विचारणं म्हणजे कमीपणा. आणि दुखलं-खुपलं तर गप्प बसलं पाहिजे. पुढचं जवळजवळ सगळं या तीन अपेक्षांमधूनच निघतं.

जोर लावून झोप येते का?

रात्री दोन वाजलेत, सकाळी महत्त्वाचं काम आहे, आणि तुम्ही स्वतःला बजावताय की झोप, आत्ता झोप. येते झोप? जितका जोर लावाल तितकी ती लांब पळते. लिंगाची ताठरता अगदी याच जातीची आहे.

शरीराचे ढोबळमानाने दोन मोड असतात, एक निवांत आणि एक ‘पळ नाहीतर लढ’. ताठरता निवांत मोडमध्ये येते. मेंदूकडून सिग्नल गेला की लिंगातल्या रक्तवाहिन्यांचे स्नायू सैल पडतात, रक्त आत भरतं, आणि भरलेल्या दाबामुळे बाहेर जायच्या शिरा दाबल्या जाऊन ते आतच राहतं. गंमत बघा, जी गोष्ट ताकदीचं चिन्ह म्हणून मिरवली जाते ती मुळात घडते स्नायू सैल सोडल्यामुळे. आणि ‘आज जमेल ना’ अशी धास्ती बसली की ॲड्रेनालिन सुटतं, ते त्याच रक्तवाहिन्या आवळतं. म्हणजे भीतीनेच भीती खरी करून दाखवली. एकदा असं झालं की पुढच्या वेळी माणूस आत असूनही स्वतःवर लक्ष ठेवणाऱ्या परीक्षकासारखा बाजूला उभा राहतो, आणि गाडी पुन्हा तिथेच अडते. मग टाळाटाळ, मग जोडीदाराला वाटतं मी आवडेनाशी झाले, आणि बोलणं तर दोघांचंही नाही.

एक ढोबळ खूण सांगतो. सकाळी उठताना ताठरता नेहमीसारखी असेल आणि फक्त ‘वेळेवर’ दगा देत असेल, तर यंत्रणा बहुतेक ठीक आहे आणि गडबड टेन्शनची असण्याची शक्यता जास्त. खूणच आहे, निदान नव्हे.

बरं, ज्या मापांनी पुरुष स्वतःला नापास करतात ती मापं तरी कुठली? किती वेळ टिकलं पाहिजे, हे कोणी विचारलं तर लोक तासाच्या गप्पा मारतात. २००५ मध्ये मार्सेल वाल्डिंगर या डच संशोधकाने पाच देशांतल्या ५०० जोडप्यांना चक्क स्टॉपवॉच दिलं. प्रत्यक्ष संभोगाचा मध्यांक निघाला ५.४ मिनिटं. म्हणजे निम्मे पुरुष याच्या आत. डॉक्टर ज्याला पहिल्यापासूनचं शीघ्रपतन म्हणतात त्यात साधारण एका मिनिटाच्या आत, जवळजवळ प्रत्येक वेळी, आणि त्याचा मनाला त्रास होणं, असं सगळं धरतात. चार मिनिटांवर रडणारा मित्र यात बसत नाही. लांबीचंही तसंच. २०१५ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी वेगवेगळ्या अभ्यासांतून मोजमाप झालेल्या १५,५२१ पुरुषांचे आकडे एकत्र केले, ताठर अवस्थेतली सरासरी १३.१२ सेंटिमीटर. पॉर्नमधून आलेलं माप डोक्यात ठेवून आरशासमोर उभा राहणारा माणूस हा पेपर कधीच पास होणार नाही, कारण प्रश्नपत्रिकाच खोटी आहे.

चाळीस थेंबांचा हिशोब

एक थेंब वीर्य म्हणजे चाळीस थेंब रक्त, हे कोणी सांगितलं ते आठवत नाही पण ऐकलंय प्रत्येकाने. मला शाळेत एका मोठ्या मुलाने सांगितलं होतं, अगदी गंभीर चेहऱ्याने, आणि पुढची दोन वर्षं मी स्वप्नदोष झाला की दुसऱ्या दिवशी मैदानावर पळताना दम मोजायचो. खरंच सांगतो, दम लागायचाच. मोजायला लागलं की लागतोच.

हे आपल्याकडचंच खूळ आहे असं मला बरीच वर्षं वाटायचं. पण तिसो नावाच्या एका स्विस डॉक्टरने १७६० च्या सुमारास हस्तमैथुनावर एक पुस्तकच लिहिलं, आणि त्यातही हाच चाळीसपट रक्ताचा हिशोब आहे. युरोपात पुढची शंभरेक वर्षं पोरांना या भीतीने छळलं गेलं. भारतीय मनोविकारतज्ज्ञ एन. एन. विग यांनी १९६० मध्ये या त्रासाला ‘धात सिंड्रोम’ हे नाव दिलं: धातू (म्हणजे वीर्य) जाते म्हणून अशक्तपणा, कंबर दुखणं, मन न लागणं, आणि तपासण्या सगळ्या नॉर्मल. त्रास खरा असतो, फक्त त्याचं कारण वीर्य नसतं, बहुतेकदा काळजी किंवा उदासी असते.

खरा हिशोब साधा आहे. वीर्य रक्तापासून ‘आटवून’ बनत नाही. त्यातला बहुतेक भाग दोन ग्रंथींमधला पातळ द्राव असतो, शुक्राणू जेमतेम पाच टक्क्यांच्या आत. एका वेळी साधारण चमचाभर. शुक्राणूंचं उत्पादन रोज कोट्यवधी चालू असतं, साठवून ठेवलं तर जुने होऊन शरीरातच विरतात. ही काही डिपॉझिट ठेवून व्याज मिळणारी गोष्ट नाही. स्वप्नदोष या शब्दात ‘दोष’ घातला तिथेच घोळ झाला खरं तर.

बारीक पाइप आधी चोक होतो

इथे जरा थांबून वाचा, कारण लाजेपोटी जीव जाऊ शकतो असा हा भाग आहे.

घरातल्या नळांना क्षार धरायला लागले की आधी कुठलं पाणी बारीक होतं? सर्वात बारीक पाइपचं. लिंगाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या साधारण १ ते २ मिलिमीटर रुंद असतात, हृदयाच्या ३ ते ४ मिलिमीटर. मधुमेह, बीपी, सिगरेट, कोलेस्ट्रॉल यांनी रक्तवाहिन्या आतून खराब होतात तेव्हा सगळीकडे होतात, पण बोंब आधी बारीक ठिकाणी होते. म्हणून ताठरता कमी होणं हे कित्येकदा हृदयविकाराच्या दोन ते पाच वर्षं आधी दिसतं. गाडीच्या डॅशबोर्डवर लागलेला दिवाच म्हणा ना.

आणि हा दिवा दुर्मिळ नाही. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांची मोठी पाहणी झाली होती, १९९४ मध्ये तिचे आकडे आले, ५२ टक्के पुरुषांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता. निम्म्याहून जास्त! तरीही प्रत्येकाला वाटतं आपण एकटेच. मग तो काय करतो, डॅशबोर्डवरच्या दिव्यावर चिकटपट्टी लावतो. म्हणजे ‘शंभर टक्के नैसर्गिक’ लिहिलेली पावडर मागवतो, पाकिटावर काय आहे ते कोणाला कळू नये म्हणून साध्या खोक्यात.

त्या नैसर्गिक पावडरचीही गंमत ऐका. २००७ ते २०१६ या काळात अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ७७६ पूरक उत्पादनांत लपवून टाकलेली औषधं पकडली, त्यातली सुमारे ४५ टक्के लैंगिक ताकदीची होती, आणि त्यात बहुतेक सापडलं सिल्डेनाफिल किंवा त्याची भावंडं. सिल्डेनाफिल म्हणजे व्हायग्रा. हे औषध मुळात छातीच्या दुखण्यासाठी तपासलं जात होतं, मार्च १९९८ मध्ये ताठरतेसाठी मान्यता मिळाली, आणि डॉक्टरांनी तपासून दिलं तर ते चांगलं, भरपूर वापरलेलं औषध आहे. पण छातीत दुखतं म्हणून जिभेखाली नायट्रेटची गोळी ठेवणाऱ्याने ते घेतलं तर बीपी धाडकन खाली येतं, माणूस दगावू शकतो. आता ज्याला पावडरीत हे औषध आहे हेच माहीत नाही तो डॉक्टरला सांगणार काय? डॉक्टरकडे जायची लाज वाटली म्हणून माणसाने तेच औषध डोस न कळता, धोका न कळता घेतलं. फिरून तिथेच आला, फक्त अंधारातून.

टाकीचा फ्लोट

टेस्टोस्टेरॉनची रील्स बघून इंजेक्शन घेणारे तरुण वाढलेत, जिममध्ये तर हा विषय कुजबुजत का होईना पण रोजचा आहे. कल्पना अशी की हे ‘पुरुषी’ हार्मोन, जितकं जास्त तितका पुरुष जास्त.

गच्चीवरच्या टाकीत फ्लोट असतो. टाकी भरली की फ्लोट वर येतो आणि खालचा पंप बंद. शरीरातही मेंदू रक्तातलं टेस्टोस्टेरॉन मोजत असतो. बाहेरून टँकर आणून टाकी भरली की मेंदू म्हणतो भरपूर आहे, पंप बंद करा, आणि अंडकोषांना जाणारे सिग्नल थांबवतो. त्या सिग्नलशिवाय शुक्राणू बनत नाहीत, कारण त्यासाठी लागणारं टेस्टोस्टेरॉन अंडकोषांच्या आत, तिथल्या तिथे तयार व्हावं लागतं. रक्तात हार्मोन दुप्पट, शुक्राणू शून्य, अंडकोष लहान. हे इतकं पक्कं आहे की १९९० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने टेस्टोस्टेरॉनचं साप्ताहिक इंजेक्शन पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून तपासून पाहिलं होतं, आणि सहा महिन्यांत निम्म्याहून जास्त पुरुषांचे शुक्राणू शून्यावर आले. मर्दपणा वाढवायला लोक जे टोचून घेतायत ते नेमकं हे.

माझा एक मित्र (हा खरा मित्र, मीच नाही) दोन वर्षं ही इंजेक्शनं घेत होता. बंद केल्यावर बहुतेकांचं उत्पादन परत सुरू होतं, पण महिने लागतात, कधी वर्षाहून जास्त. एक शुक्राणू तयार व्हायलाच सुमारे अडीच महिने जातात, त्यामुळे आज सोडलं आणि उद्या रिपोर्ट सुधारला असं होत नाही. ज्यांना खरोखर हे हार्मोन कमी आहे, लक्षणं आहेत आणि सकाळच्या रक्ततपासणीत किमान दोनदा कमी आलंय, त्यांच्यासाठी उपचार आहे, तो वेगळा विषय. पण मूल हवं असेल तर ते डॉक्टरला आधी सांगायचं.

बिल कोण भरतं

त्याच मित्राची गोष्ट पुढे नेतो, कारण इथे विषय त्याच्यापुरता राहत नाही. मूल होत नव्हतं. तपासणी सुरू झाली ती बायकोची. रक्ताच्या तपासण्या, दर महिन्याच्या सोनोग्राफ्या, नळ्यांमध्ये डाय सोडून काढतात तो दुखणारा एक्स-रे, मग गोळ्या, मग लॅपरोस्कोपी (पोटात दुर्बीण घालून बघतात ती). अडीच वर्षं. त्याची तपासणी मात्र नाही, कारण "आमच्या घराण्यात असलं काही नाही." शेवटी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की तुमचा रिपोर्ट आणल्याशिवाय मी पुढे काही करणार नाही. एका छोट्या डबीत नमुना द्यायचा, ना सुई ना भूल. रिपोर्टमध्ये शुक्राणू जवळजवळ नव्हतेच. नंतर मी त्यांच्या घरी गेलो होतो तेव्हा टेबलावर दोन फायली होत्या, तिची चार बोटं जाड, आणि त्याचा एक कागद, चौघडी घातलेला. इंजेक्शनांबद्दल बायकोला तोवर माहितीच नव्हतं.

जगात साधारण सहातल्या एका माणसाला आयुष्यात कधीतरी वंध्यत्वाला तोंड द्यावं लागतं, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. आणि मूल न होणाऱ्या जोडप्यांपैकी जवळपास निम्म्यांमध्ये पुरुषाकडचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. तरी सुरुवात तिच्यापासून. कारण शुक्राणू कमी म्हणजे मर्दानगी कमी असं समीकरण डोक्यात बसलंय. दोन्ही यंत्रणा वेगळ्या आहेत हो, उत्तम ताठरता असलेल्या माणसाचे शुक्राणू शून्य असू शकतात आणि उलटही.

लैंगिक संसर्गांचं बिलही असंच फिरतं. क्लॅमिडिया, एचपीव्ही असे बरेच संसर्ग पुरुषात गुपचूप राहतात, ना दुखणं ना खूण. जळजळ झाली तरी ‘उष्णता झाली’ म्हणून दोन दिवस पाणी पिऊन विषय संपवला जातो. तिकडे जोडीदाराच्या गर्भनलिकेपर्यंत संसर्ग चढतो आणि नळ्या कायमच्या खराब होऊ शकतात. एचपीव्हीचं तर पुरुषाला बहुतेकदा कळतच नाही, पण गर्भाशयमुखाचा कॅन्सर जवळजवळ सगळा त्या विषाणूमुळेच होतो, २०२२ मध्ये जगात त्याने सुमारे साडेतीन लाख बायका गेल्या. पुरुषांनाही त्याच विषाणूमुळे घशाचा, गुदद्वाराचा, लिंगाचा कॅन्सर होतो, तरी एचपीव्हीची लस ‘मुलींची’ म्हणून ओळखली जाते. ऑस्ट्रेलियाने २०१३ पासून शाळेतल्या मुलांनाही ती द्यायला सुरुवात केली.

एचआयव्हीमध्ये हाच फरक आकड्यांत दिसतो. २०२३ मध्ये जगभरातल्या एचआयव्ही असलेल्या प्रौढ बायकांपैकी ८३ टक्के उपचारांवर होत्या, पुरुषांपैकी ७२. सगळा दोष मर्दानगीवर टाकायला नको, गरोदरपणात बायकांची तपासणी आपोआप होते आणि दवाखानेही त्या हिशोबाने बांधलेत. पण ‘रिपोर्ट वाईट आला तर?’ यापेक्षा ‘तिथे मला कोणी पाहिलं तर?’ ही भीती मोठी असते, हे पुरुषांशी बोललं की लक्षात येतं. तसं बघता आजच्या औषधांनी विषाणू मोजता येणार नाही इतका खाली गेला आणि तिथेच राहिला की तो संभोगातून जोडीदाराकडे जात नाही. असा उपचार घेणारा पुरुष जोडीदाराला धोका नसतो, न तपासलेला असू शकतो.

कंडोमबद्दल फार लिहीत नाही. ‘मला बसत नाही’ म्हणणाऱ्याने एकदा तो फुगवून बघावा, डोक्यात घालता येतो. खरी अडचण बहुतेकदा वेगळी असते, घालायच्या त्या अर्ध्या मिनिटात ताठरता जाईल ही भीती. म्हणजे पुन्हा तोच पेपर.

आता नसबंदी. पुरुषाच्या ऑपरेशनमध्ये दोन बारीक नळ्या बंद करतात, बिनटाक्याची पद्धत ली शुनचियांग या चिनी डॉक्टरांनी १९७४ मध्ये काढली, जागच्या जागी भूल देऊन काम होतं आणि माणूस चालत घरी जातो. बायकांच्या ऑपरेशनला पोटात जावं लागतं. तरीही संयुक्त राष्ट्रांच्या २०१९ च्या आकड्यांत जगभर बायकांच्या नसबंदीवर अवलंबून असलेल्या २१.९ कोटी, आणि पुरुषांच्या १.६ कोटी. कारण ‘ताकद जाते’. जात नाही. टेस्टोस्टेरॉन त्या नळीतून जातच नाही, ते थेट रक्तात मिसळतं. ताठरता, इच्छा, आवाज, दाढी, सगळं तसंच. वीर्यही येतं, त्यातला तो पाच टक्क्यांच्या आतला भाग तेवढा नसतो. एकच लक्षात ठेवायचं, ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांनी तपासणी करून शुक्राणू नाहीत हे नक्की होईपर्यंत दुसरं साधन वापरायचं. ‘ऑपरेशन होऊनही दिवस गेले’ अशा बऱ्याच गोष्टींमागे, आणि त्यावरून बायकोवर घेतलेल्या संशयामागे, ही न केलेली तपासणी असते.

दुखतंय, पण सांगायचं कसं

छोटा भाग आहे पण ज्यांच्या घरात वयात येणारा मुलगा आहे त्यांनी वाचाच. अंडकोष आपल्या देठाभोवती पिळला जाऊ शकतो, रक्तपुरवठा तुटतो, अचानक भयंकर दुखतं, कधी मळमळ-उलटी. हे बारा ते अठरा वयात जास्त होतं. साधारण सहा तासांच्या आत ऑपरेशन झालं तर अंडकोष बहुतेक वेळा वाचतो, चोवीस तासांनंतर क्वचितच. आणि या वयाचा मुलगा काय सांगतो? "पोटात दुखतंय." किंवा सकाळपर्यंत काहीच सांगत नाही. ‘खाली दुखलं तर रात्री तीनला उठवलंस तरी चालेल’ हे वाक्य आधीच बोलून ठेवलेलं असावं. अंडकोषात न दुखणारी गाठ लागली तर तीही लपवायची नाही, तिथला कॅन्सर तरुणांत होतो आणि वेळेत सापडला तर जवळजवळ पूर्ण बरा होतो.

"पण हे तर निसर्गानेच तसं बनवलंय ना?"

काही भाग आहे की. इच्छेमध्ये हार्मोनचा वाटा असतोच. पण मर्दानगीचे नियम निसर्गाचे असते तर ते बदलले नसते. प्राचीन ग्रीक पुतळे बघा, वीर, देव, खेळाडू, सगळ्यांचं लिंग लहान कोरलंय, कारण त्यांच्या लेखी तो संयमाचा मान होता, आणि मोठं दाखवायचे ते हावऱ्या, रानटी पात्रांचं. आज कोणी ते माप आदर्श म्हणेल? आणि हार्मोनचंच म्हणाल तर २०११ मध्ये फिलिपिन्समधल्या ६२४ पुरुषांचा अभ्यास आला, त्यात बाप झालेल्यांचं टेस्टोस्टेरॉन खाली आलं, आणि जे रोज तीन तास किंवा जास्त बाळाचं करत होते त्यांचं आणखी कमी होतं. बाळ सांभाळणारा शांत बाप हाही निसर्गाचाच पुरुष आहे.

"बायका तरी कुठे बोलतात?"

नाहीच बोलत, त्यांच्यावरची लाज जास्त जाचक आहे. पण त्यांना गरोदरपण, पाळी, बाळंतपण या निमित्ताने डॉक्टरची पायरी चढावी लागते. लसी संपल्यावर पुरुष थेट चाळिशीत छातीत दुखल्यावर उगवतो. आणि ‘पुरुष कायम तयार असतो’ या समजुतीमुळे ज्या पुरुषांवर, मुलांवर जबरदस्ती झालेली असते त्यांचं तर कोणी ऐकूनच घेत नाही. शरीराने प्रतिसाद दिला म्हणजे मनाची संमती होती असं नसतं, गुदगुल्या केल्यावर हसू येतं म्हणून कोणाला त्या हव्या असतात का?

"म्हणजे पुरुषांनी पुरुषासारखं वागूच नये?"

हा प्रश्न कमेंटमध्ये येणारच म्हणून आधीच. मर्दानगीत अशाही गोष्टी आहेत ज्या इथे कामाला येतात, जबाबदारी घेणं, आपल्या माणसांना जपणं. कॅनडा, ब्रिटन यांच्यासारख्या काही देशांत पुरुषांची नसबंदी बायकांच्या ऑपरेशनपेक्षा जास्त चालते, भूतानमध्येही तसंच दिसलंय, आणि तिथले पुरुष काही कमी पुरुष नाहीत. तिथे ती ‘माझी पाळी’ म्हणून केली जाते.

आणि कल्पना बदलल्या तर तब्येत बदलते का, हेही तपासून झालंय. दक्षिण आफ्रिकेत ७० खेड्यांमधल्या तरुण-तरुणींचे गट करून नातं, संभोग, हिंसा यावर काही आठवडे मोकळ्या गप्पा आणि नाट्यप्रसंग घेतले गेले, २००८ मध्ये त्याचे निष्कर्ष आले. जननेंद्रियांवर फोड आणणाऱ्या हर्पिस (एचएसव्ही-२) विषाणूचे नवे संसर्ग सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले आणि दोन वर्षांनी पुरुषांनी जोडीदारावर हात उगारल्याचं प्रमाण कमी सांगितलं. एचआयव्हीच्या आकड्यात मात्र ठोस फरक पडला नाही. म्हणजे जादू नाही, पण नुसत्या गप्पांनी विषाणूचं गणित हललं, हे मला तरी बरंच वाटतं.

तर त्या मित्राला काय सांगू?

डॉक्टर सांगतात की बरेच पुरुष अशक्तपणा, ॲसिडिटी असं काहीतरी सांगून पूर्ण तपासून घेतात आणि दाराला हात लावल्यावर वळून म्हणतात, "आणि एक होतं..." तेव्हा बाहेर पुढचा पेशंट उभा असतो आणि हातात एक मिनिट. त्यामुळे वाक्य आधी पाठ करून जा आणि बसल्या बसल्या टाका, "डॉक्टर, लैंगिक तक्रार आहे, इतके महिने झाले." बोलवत नसेल तर कागदावर लिहून पुढे सरकवा, त्यांना सवय असते. जळजळ, स्राव, फोड असेल तर त्वचा आणि गुप्तरोगतज्ज्ञ, ताठरता, अंडकोष, शुक्राणू यासाठी युरोलॉजिस्ट, आणि कुठे जावं कळत नसेल तर नेहमीचे फॅमिली डॉक्टर. संसर्ग निघाला तर गोळ्या दोघांनाही लागणार, एकट्याने घेतल्या तर तो पुन्हा परत येतो. जी पावडर चालू असेल ती डबीसकट घेऊन जा. आणि ताठरतेच्या तक्रारीसाठी गेलात आणि डॉक्टरांनी शुगर, बीपी, कोलेस्ट्रॉल काहीच न विचारता नुसती गोळी लिहून दिली, तर खुर्चीतून उठायच्या आधी आपणहून विचारा, "हृदयाचं एकदा बघायचं का?"